वाढत्या अंगाचे धनुष्य

अवघड जबाबदारी अंगावर घेतली, की आपण ‘शिवधनुष्य उचलले’ असे म्हणतो. धनुष्य आणि बळ यांची भाषेतच अशी गाठ बसली आहे, की धनुष्य जितके जड तितका धनुर्धर थोर, हे कुणी शिकवावे लागत नाही. पुराणात ते शोभतेही. क्रीडासाहित्याच्या दुकानात मात्र हीच समजूत मुलांचे खांदे दुखावते आणि हौसेने आणलेले धनुष्य चार महिन्यांत माळ्यावर जाऊन पडते.

सध्या या खरेदीचे प्रमाण वाढले आहे, याला कारणही आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी एकाच दिवशी वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. अदिती तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) खेळून आला होता. अशा बातम्या वाचून घरातली मुलगी किंवा मुलगा ‘मलाही धनुष्य हवे’ म्हणाला तर आनंदच आहे. प्रश्न फक्त कोणते घ्यायचे, एवढाच.

पहिला खुलासा असा, की अदिती आणि ओजस यांच्या हातात असते ते ‘कंपाउंड’ धनुष्य. त्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात आणि दोरी पूर्ण ओढली, की हातावरचा भार निम्म्याहूनही कमी होतो. प्रवीणचे ते ‘रिकर्व्ह’. त्याची टोके पुढच्या बाजूला वळलेली असतात आणि दोरी जितकी मागे येईल तितका भार वाढतच जातो. नेम धरायच्या क्षणी तो सर्वांत जास्त असतो. तिसरे आपले तीरकामठ्याच्या जातीचे, सरळ बांबूचे. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत त्याच्यासाठी ‘इंडियन राउंड’ नावाचा स्वतंत्र प्रकार आहे, अंतरे ३० आणि ५० मीटर. आज आपण बोलणार आहोत ते रिकर्व्हबद्दल, आणि तेही दुर्बीण, नेमकाटा, तोल राखणाऱ्या लांब दांड्या असले काहीही न लावता, डोळ्याने आणि सरावाने बाण मारायच्या पारंपरिक पद्धतीबद्दल. घरातल्या सर्वांना मिळून करता येईल असा हा छंद आहे.

अशा पद्धतीसाठी बाजारात सर्वांत सोयीचे मिळते ते ‘टेकडाऊन’, म्हणजे सुटे होणारे धनुष्य. त्याचे तीन भाग असतात. मधली लाकडाची किंवा धातूची मूठ, तिला ‘रायझर’ म्हणतात; आणि तिच्या वर-खाली स्क्रूने बसणाऱ्या दोन लवचिक पात्या, त्यांना इंग्रजीत ‘लिंब’ म्हणतात. (दुकानदार ‘लिंब बदलून देतो’ म्हणाला तर दचकू नये!) पात्या लाकडाचे पातळ थर आणि फायबर ग्लास एकावर एक चिकटवून केलेल्या असतात. १९७० च्या सुमारास अमेरिकेत शिकारी मंडळींसाठी अशी धनुष्ये निघाली, ती मुख्यतः प्रवासात पिशवीत मावावीत म्हणून. आपल्या दृष्टीने त्यांचा खरा फायदा निराळाच आहे. मूठ तीच ठेवून पात्या बदलता येतात. मुलाची ताकद वाढली, की नवे धनुष्य नको, नव्या पात्या पुरतात.

आता दुकानातला नेहमीचा प्रसंग पाहा. मुलगा बारा-तेरा वर्षांचा. दुकानदार दोन धनुष्ये काढतो, एक हलके, एक जड. मुलगा दात-ओठ खाऊन जड धनुष्याची दोरी एकदा हनुवटीपर्यंत आणतो. वडील खूश. आई म्हणते, “वाढत्या अंगाचा आहे, जरा जडच घेऊ, दोन-तीन वर्षे पुरेल.” गणवेश आणि बूट घेताना हे शहाणपण चालते. सैल सदऱ्याच्या बाह्या दुमडता येतात, मोठ्या बुटात कापूस घालता येतो. धनुष्याला दुमडायला बाहीच नसते. जी वस्तू आज झेपत नाही, ती दोन वर्षांनी झेपावी म्हणून आज घेणे, हे या खेळात सर्वांत महागात पडते. आणि गंमत अशी, की टेकडाऊन धनुष्य निघाल्यापासून त्याची गरजच राहिलेली नाही.

जडपणाचा हिशेब पाउंडात करतात. पातीवर ‘२८ इंचाला २४ पाउंड’ असे छापलेले असते. अर्थ असा, की दोरी २८ इंचांपर्यंत ओढली असता हातावर २४ पाउंडांचा, म्हणजे सुमारे अकरा किलोंचा भार येईल. पण तुमची ओढ २८ इंच आहे का? ती काढायची सोपी रीत आहे. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा आणि त्या आकड्याला अडीचने भागा. दीडशे सेंटिमीटर, म्हणजे ५९ इंच पसारा असलेल्या मुलीची ओढ भरते साधारण २४ इंच. तिच्या १७८ सेंटिमीटर, म्हणजे ७० इंच पसाऱ्याच्या वडिलांची २८. ओढ एका इंचाने कमी झाली, की भार अदमासे दोन पाउंड घटतो, वाढली तर तेवढाच वाढतो. म्हणजे चोवीस पाउंडांचे तेच धनुष्य वडिलांच्या हातात चोवीसचे, मुलीच्या हातात सोळा-सतराचे. उंच, लांब हातांच्या तरुणाला तीस इंच ओढ असेल, तर छापलेल्या तीस पाउंडांचे त्याला चौतीस वाटणार. छापलेला आकडा वाचून मोकळे होऊ नये, ते यासाठी.

सुरुवातीला प्रत्यक्ष हातात किती यावेत? दहा ते बारा वर्षांच्या मुलांना १२ ते १६ पाउंड पुष्कळ झाले. तेरा ते सोळा वयाला १६ ते २०. प्रौढ स्त्रियांनी १८ ते २४ आणि पुरुषांनी २४ ते २८ यांच्या दरम्यान राहावे. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांना हे आकडे अपमानास्पद वाटतात, याची मला कल्पना आहे. त्यांनी एक गणित करावे. ऑलिंपिकच्या मानांकन फेरीत ७० मीटरवर ७२ बाण मारावे लागतात. सरावात तेवढे बाण ही काही मोठी गोष्ट नव्हे. २४ पाउंडांचे धनुष्य ७२ वेळा ओढले, म्हणजे एकूण जवळजवळ पावणेआठशे किलो ओढले. ४० पाउंडांचे ओढले तर तेराशे किलोंच्या वर. मधला पाच क्विंटलांचा फरक दंडावर नव्हे, पाठीच्या वरच्या स्नायूंवर आणि खांद्याचा सांधा जागेवर धरून ठेवणाऱ्या लहानशा स्नायूंवर पडतो. हे स्नायू वजने उचलून तयार होत नाहीत, हलके धनुष्य हजारो वेळा नीट ओढून तयार होतात. ऑलिंपिकमधले पुरुष खेळाडू ४५-५० पाउंडांचे धनुष्य वापरतात हे खरे. पण ते तिथवर वर्षानुवर्षांच्या पायऱ्या चढत गेलेले असतात.

वाढत्या वयात खांद्याच्या हाडांची टोके अजून पक्की झालेली नसतात, म्हणून मुलांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी. भार झेपत नसल्याची लक्षणे लपत नाहीत. मूल धनुष्य आधी आभाळाकडे नेते आणि मग ओढत खाली आणते. कंबरेतून मागे वाकते. धनुष्य धरलेल्या हाताचा खांदा कानाकडे चढतो. दोरी ओठांच्या कोपऱ्याला टेकायच्या आतच बाण सुटतो. ही शेवटची खोड फार वाईट. ती एकदा लागली, की पुढे हलके धनुष्य हातात दिले तरी हात थांबत नाही आणि ती मोडायला कित्येक महिने जातात. मुले मग ‘मला जमत नाही’ म्हणून खेळ सोडतात. त्यांना जमत असते, धनुष्य चुकलेले असते.

म्हणून दुकानात परीक्षा घ्यावी ती एकदा ओढण्याची नव्हे. शक्यतो बाण लावून, समोर सुरक्षित आड असलेल्या जागी, धनुष्य लक्ष्याच्या रेषेतच ठेवून दोरी ओढायला सांगावे. चेहऱ्याशी आणून संथपणे पाच अंक मोजावेत आणि बाण न सोडता दोरी हळूच पुढे न्यावी. असे सलग आठ-दहा वेळा. शेवटच्या वेळीही हात थरथरला नाही, श्वास कोंडला नाही, तर ते धनुष्य आपले. थरथरला तर चार पाउंडांनी खाली या. आणि बाण न लावता दोरी ओढून ‘टण्ण’ करून सोडायचा मोह कुणालाच होऊ देऊ नका, दुकानदारालासुद्धा! बाणात जाणारा सगळा जोर तेव्हा पात्यांतच फिरतो. पाती तडकते, क्वचित तुकडाही उडतो. जे धनुष्य येणारे-जाणारे गिऱ्हाईक असे वाजवून पाहत असेल, ते नवे असले तरी घेऊ नये.

लांबीकडे लोक फारसे पाहत नाहीत, पाहावे. दुकानात ६०-६२ इंची लाकडी टेकडाऊन जास्त दिसतात, याचे कारण ती मुळात झाडीझुडपांतून हिंडणाऱ्या परदेशी शिकाऱ्यांसाठी आखलेली. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो प्रश्नच नाही. आपण मोकळ्या मैदानावर गवताच्या गठ्ठ्यासमोर उभे राहणार. धनुष्य आखूड असले, की पूर्ण ओढीला दोरीचा कोन अरुंद होतो आणि बोटे चिमटतात. लांब धनुष्याची ओढ मऊ लागते, चूकही ते थोडी पोटात घालते. चोवीस-पंचवीस इंच ओढीच्या मुलांना ६२ इंची ठीक आहे. २८ इंचांच्या आसपासच्या प्रौढांनी ६६ किंवा ६८ मागावे, चटकन मिळाले नाही तर थांबावे.

मूठ लाकडाची की धातूची, हा पुढचा प्रश्न. लाकडाची दिसायला देखणी, हातात उबदार, किमतीने कमी. तिच्यावरच्या छोट्या ओटीवरून थेट बाण सोडता येतो. मात्र त्यासाठी बाणाला पिसेच हवीत, प्लॅस्टिकचे पंख ओटीला अडखळून बाण तिरका जातो. तिची मर्यादा अशी, की पात्या साधारणपणे त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या लागतात. घेण्याआधी ‘या मुठीच्या आणखी पात्या, दोन वर्षांनीही, मिळतील का?’ हे विचारून घ्यावे. उत्तर गुळमुळीत आले, तर टेकडाऊन घेण्यातला अर्धा अर्थ गेला. धातूच्या मुठींत ‘आयएलएफ’ नावाची जोडणी असते. हॉयट या अमेरिकन कंपनीच्या १९८० च्या दशकातल्या रचनेवरून ती रूढ झाली आणि आता बहुतेक नामवंत कंपन्या ती पाळतात. एका कंपनीच्या मुठीला दुसरीच्या पात्या बसतात, आणि स्क्रू फिरवून भार थोडाफार कमी-अधिक करता येतो. मुलाने दोन-तीन महिने टिकून सराव केला असेल आणि पुढे स्पर्धेचा विचार असेल, तर थोडे जास्त पैसे घालून हीच घ्यावी, असे माझे मत आहे. अशा धनुष्याने पुढे ‘बेअरबो’ या प्रकारात उतरता येते. तिथला एक नियम मजेशीर आहे. दोरी उतरवलेले धनुष्य, त्याला लावलेल्या वजनासकट, १२.२ सेंटिमीटर व्यासाच्या कड्यातून पार जावे लागते!

आता उजवे-डावे. उजवे धनुष्य म्हणजे डाव्या हातात धरून उजव्याने ओढायचे. पण हातापेक्षा डोळा महत्त्वाचा. दोन्ही तळहात पुढे करून त्यांच्यात छोटी त्रिकोणी खिडकी करा, तिच्यातून दूरची एखादी वस्तू पाहा आणि एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना वस्तू खिडकीतच राहते, तो तुमचा मुख्य डोळा. नेमकाटा नसलेल्या धनुष्यात तोच बाणाच्या रेषेवर हवा. हात उजवा आणि डोळा डावा अशी काही माणसे असतात. लहान मुलांना तरी डोळ्याप्रमाणे शिकवावे, त्यांना चटकन सवय होते.

ओघाने आठवले म्हणून सांगतो. रिकर्व्हची दोरी ओढतात ती तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांनी. अंगठ्याला तिथे काही काम नसते. म्हणजे आजच्या पद्धतीत एकलव्याची विद्या अंगठ्याविनाही शाबूत राहिली असती! अंगठ्याने दोरी ओढायची रीत आशियातली. मोगल दरबारात त्यासाठी खास अंगठ्या घडवत. शाहजहानची जेडची अशी एक अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आपल्या मुलांना अंगठी नको, पण तीन बोटांसाठी चामड्याचा ‘टॅब’ आणि धनुष्य धरलेल्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत ‘आर्म गार्ड’ पहिल्या दिवसापासून हवाच. दोरीचा फटका बसून हात निळा झालेले मूल दुसऱ्या दिवशी मैदानावर यायला का-कू करते.

घरखर्चाच्या बाजूने पाहिले तर टेकडाऊनचा आणखी एक उपयोग आहे. वडील आणि मुलगी, किंवा दोघे भाऊ, एका मुठीत खेळू शकतात. दोन वेगवेगळ्या भारांच्या पात्यांच्या जोड्या घ्याव्यात, लांबी दोन्हींची एकच, म्हणजे दोरीही एकच चालते. धाकट्याच्या पात्या मोठ्याने वापरून सोडलेल्या असल्या तरी हरकत नाही. अट एवढीच, की दोघे उजवे किंवा दोघे डावे असावेत. पायऱ्या चार-चार पाउंडांच्या ठेवाव्यात. सोळावरून वीस, विसावरून चोवीस. आधीच्या पात्यांवर साठ-सत्तर बाण मारूनही शेवटचा बाण पहिल्यासारखाच सुटतो, असे दिसल्यावरच पुढची जोडी घ्यावी.

वापरलेले धनुष्य घ्यायला लाजू नये, पण पारखून घ्यावे. दोरी चढवून पाठीमागून पाहा. ती दोन्ही पात्यांच्या बरोबर मध्यातून गेली पाहिजे. एका बाजूला सरकलेली दिसली, तर पाती पिळवटली आहे. मग कापसाचा बोळा घेऊन पात्यांच्या कडांवरून हलकेच फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे चीर सुरू झाली आहे, मग किंमत कितीही कमी सांगोत. दोरी कोणत्या धाग्याची चालेल तेही विचारा. टोके बळकट न केलेल्या जुन्या लाकडी पात्यांना डेक्रॉनचीच दोरी लावतात, न ताणणाऱ्या आधुनिक धाग्याने त्यांची टोके फाटतात.

दोरी चढवताना धनुष्य पायात अडकवून मुरगाळण्याची पद्धत सिनेमात बरी दिसते. पात्या पिळवटतात त्या तिथेच. ‘स्ट्रिंगर’ नावाची साधी दोरी थोड्या पैशांत मिळते, तीच वापरावी. सराव संपला, की दोरी उतरवून धनुष्य पिशवीत ठेवावे. आणि नागपूर-जळगावकडच्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे, की मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत धनुष्य राहिले, तर पात्यांचे थर सुटू शकतात.

धनुष्य निवडण्याआधी जिल्ह्याच्या धनुर्विद्या संघटनेच्या किंवा जवळच्या क्लबच्या मैदानावर महिनाभर त्यांच्याच साहित्यावर सराव करता आला तर उत्तम. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात बाण मारायचा विचारही करू नये. अगदी पंधरा पाउंडांचे धनुष्यही खेळणे नव्हे, त्याचा बाण सहज अंगात घुसू शकतो. बाणही मुलाच्या ओढीपेक्षा एक-दोन इंच लांबच घ्यावेत. आखूड बाण मागे सरकून मुठीवरून घसरला, तर धनुष्य धरलेल्या हातातच शिरतो. बाणांचा ताठरपणा धनुष्याच्या भाराशी कसा जुळवायचा, हा मात्र सवडीने सांगायचा विषय आहे. तो पुढच्या वेळी.